उतारावरचं गटार आणि भिंतीवरचं कॅलेंडर

वाचकांचे प्रश्न : सांडपाणी, ड्रेनेज, शोषखड्डे
(उत्तरं देणारे गृहस्थ 34 वर्षं पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या कामात होते. आता मुक्काम सोलापूर.)

प्रश्न : आमचं गाव बार्शी तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरउतारावर आहे. वस्ती साडेचार हजार. घरोघरी नळ आल्यापासून गटारं बारमाही वाहतात. ते पाणी ओढ्यानं खालच्या पाझर तलावात जातं आणि तलावाखालीच आमची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. एका कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणतो, कंटेनरएवढा तयार प्लांट बसवून देतो, सगळं ऑटोमॅटिक, मोबाईलवर दिसेल. तालुक्याचे साहेब म्हणतात, गावाखालच्या दोन एकर गायरानात तळी खोदा. तरुण पोरं प्लांटच्या बाजूनं आहेत. तळी म्हटलं की हसतात. काय करावं?
– ग्रामपंचायत सदस्य, बार्शी तालुका

उत्तर : पोरं हसतात याचं मला नवल नाही. मीही हसलो होतो, आणि माझ्याकडे तर इंजिनिअरिंगची डिग्री होती.

आधी हिशेब करू. नळयोजनेचं माप माणशी रोज 55 लिटर. साडेचार हजार माणसांचं झालं अडीच लाख लिटरच्या आतबाहेर. त्यातलं 80 टक्के गटारात येतं असं धरायची आमच्या धंद्यात रीत आहे. म्हणजे दिवसाला 2 लाख लिटर, दहा हजारी टँकरच्या वीस खेपा. पण हे पाणी शिस्तीत येत नाही. सकाळी नळ सुटला की आंघोळी, धुणी, जनावरं, सगळं एकदम. त्या दोन-तीन तासांत सरासरीच्या तिप्पट लोंढा येतो. दुपारी करंगळीएवढी धार आणि रात्री दोनला टिपूस नाही. शिवाय गावची यात्रा भरते तेव्हा काय होतं ते तुम्हीच जाणता. कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारा, की सकाळच्या लोंढ्याला साठवायची टाकी तुमच्या कंटेनरात कुठं आहे? तो ब्रोशर चाळायला लागला तर चहा पाजून निरोप द्या.

त्या कंटेनरात जादू काही नाही. जीवाणू असतात. ते घाण खातात, त्यांना श्वासाला हवा लागते, ती ब्लोअर पुरवतो. ही युक्ती 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. युक्ती अस्सल आहे. ज्या शहरात जागेचा भाव चौरस फुटात असतो तिथं तिच्याशिवाय गत्यंतर नाही. पण ब्लोअर थांबला की काही तासांत जीवाणू गुदमरायला लागतात आणि एक-दोन दिवसांत टाकीला कुजक्या अंड्याचा वास सुटतो. तुमच्याकडे थ्री फेज किती तास टिकते, हे मी सोलापुरात बसून सांगायला नको.

आता माझ्या हसण्याची गोष्ट. मी 29 वर्षांचा असताना माझी बदली सातारा जिल्ह्यात, घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावात झाली. पाऊस सोलापूरच्या दहापट. हिवाळ्यात पहाटे पारा पाच-सहावर. गावात माणसं थोडी आणि हॉटेलं फार. हॉटेलांच्या बाजूला एक नवाकोरा ब्लोअरवाला प्लांट होता. त्याचा नकाशा सपाटीवरच्या कुठल्यातरी गावासाठी काढलेला, तसाच उचलून वर आणलेला. आता पाणी दहा अंशांनी गार झालं की जीवाणूंचं काम जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणजे टाकी त्या मानानं मोठी हवी. ती नव्हती. जुलैत तर वेगळीच तऱ्हा. लोकांनी छपराच्या पन्हळी गुपचूप ड्रेनेजच्या चेंबरात सोडल्या होत्या. पहिल्या मोठ्या पावसात असा लोंढा आला, की टाकीतला जिवंत गाळ, म्हणजे घाण खाणारे जीवाणूच, सगळाच्या सगळा दरीत गेला. गंमत पाहा, त्या आठवड्यात बाहेर पडणारं पाणी काचेसारखं होतं. निम्मं पावसाचंच की ते! रिपोर्ट उत्तम आला. मग पाऊस ओसरला, गाळ पुन्हा धरायला महिना लागला, आणि तेवढे दिवस घाण जशीच्या तशी खाली गेली. पुढं ठेकेदाराच्या माणसाला एक गोष्ट कळली, की ब्लोअर तपासणीच्या आदल्या दिवशी चालू केला तरी भागतं.

गावाच्या दुसऱ्या अंगाला, पठारावर, जुनी तीन तळी होती. ती ऐसपैस होती म्हणून थंडी सोसायची. तिथं एक माळी नेमला होता. सगळे त्याला मामा म्हणायचे. मामांचं काम सकाळी जाळीत अडकलेलं फावड्यानं काढायचं, तळ्यावरचा तवंग बांबूनं ओढायचा आणि काठचं गवत कापायचं. पत्र्याच्या खोलीत भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यात मामा रोज एक शब्द लिहायचे. ‘हिरवं.’ ‘हिरवं.’ ‘चहा.’ ‘फेस.’ ‘बेडूक.’ पहिल्या भेटीत मी पानं उलटली तर मे महिन्यात सलग चार दिवस लिहिलेलं, ‘गुलाबी’. मी मोठ्यानं हसलो. मामा काही बोलले नाहीत, नुसते उठून चालायला लागले. मागोमाग गेलो. दुसरं तळं खरोखर गुलाबी होतं, सणासुदीच्या सरबतासारखं.

नंतर पुस्तकं उघडली तेव्हा कळलं. तळ्यात झेपण्यापलीकडे घाण आली की प्राणवायू संपतो, गंधकाचा वायू वाढतो आणि त्यावर जगणारे जांभळट-गुलाबी जीवाणू माजतात. मे म्हणजे हॉटेलांचा सीझन. प्रयोगशाळेचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला आणि त्यानं तेच सांगितलं जे मामांनी त्या दिवशी पेन्सिलीनं लिहिलं होतं. तोवर त्यांनी फळी टाकून निम्मं पाणी शेजारच्या तळ्यात वळवलंही होतं. ‘बेडूक’ म्हणजे काय, हे विचारायला मला आणखी एक महिना लागला. शेवटच्या तळ्यात बेडूक परतले की मामांच्या लेखी पाणी पास.

तेव्हा तुमच्या गावासाठी माझं मत तळ्यांच्या बाजूनं आहे आणि ते स्वस्त पडतं म्हणून नव्हे. तुमच्याकडे तीन गोष्टी फुकट आहेत : उतार, ऊन आणि गायरान. उतार आहे म्हणून पंप नको. ऊन आहे म्हणून ब्लोअर नको, कारण हिरव्या तळ्यात दिवसा शेवाळ स्वतः प्राणवायू सोडतं. घाटमाथ्यावर धुक्यात जे रडतखडत चालायचं ते बालाघाटाच्या उन्हात धावेल.

तळी चार करा. पहिलं तीन मीटर खोल, तीन दिवसांचं पाणी मावेल एवढं. तिथं जड गाळ बसतो आणि हवेवाचून कुजतो, म्हणून ते वस्तीपासून लांब आणि वाऱ्याची दिशा बघून. दुसरं दीड मीटरचं, सहा दिवसांचं. पुढची दोन जेमतेम मीटरभर खोल, चार-चार दिवसांची. त्यांचं काम उन्हानं रोगजंतू मारायचं, म्हणून ती उथळच हवीत. ‘एवढी मोठी खोदतोय तर अजून दोन फूट जाऊ दे’ असं जेसीबीवाला म्हणेल. जाऊ देऊ नका. बांध, वाट आणि गाळ वाळवायचे वाफे धरून दीड एकर लागेल.

तळ मुरमाचा असेल तर पाणी झिरपेल आणि खालच्या पाषाणाच्या भेगांतून थेट विहिरीकडे जाईल. म्हणून शिवारातली काळी माती आणून, ओली करून, रोलरनं दाबून फूटभराचा थर द्या. ही माती भिजली की फुगून भेगा बुजवते, पण वाळली की हात जाईल एवढी फाटते. तेव्हा अस्तर केल्याबरोबर पाणी सोडा. उद्घाटनासाठी पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत तळं कोरडं ठेवलं तर सगळा खर्च वाया.

तळ्यांच्या आधी लोखंडी जाळी आणि वाळू-खडे बसायला एक चर पाहिजे. तुमच्या उतारावर पाणी दगडगोटे घेऊन येणार. गटाराला फार तीव्र उतार देऊ नका, पायऱ्या पाडत आणा. पाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर गेला की तो काँक्रीटही खरवडतो. आणि जाळीच्या आधी एक सांडवा ठेवा, पावसाचा लोंढा परस्पर ओढ्यात जाईल असा. हे विसरलात तर दरीत गेलेल्या गाळाची माझी गोष्ट आठवेल.

डासांची भीती घालणारे भेटतील. डास मोकळ्या पाण्यावर वाढत नाहीत, काठच्या गवतात वाढतात. काठाला दगडाचं पिचिंग करा, गवत उपटा, शेवटच्या तळ्यात गप्पी मासे सोडा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. गायरान विहिरीच्या वर आहे की खाली? वर असेल तर शेवटच्या तळ्याचं पाणी ओढ्यात सोडू नका, पाइपानं विहीर ओलांडून खाली न्या आणि तिथं चाऱ्याला किंवा झाडांना द्या. जमिनीचा ठराव ग्रामसभेत करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागेल. ते काम आजच सुरू करा, खोदाईपेक्षा त्याला वेळ लागतो.

आणि पोरांना सांगा, ऑटोमॅटिक प्लांटलाही माणूस लागतोच. फक्त त्याचा पगार जास्त असतो आणि तो पुण्यात राहतो. तळ्याला गावातला लागतो, रोज दोन तास. तो कोण, हे खोदाईच्या आधी ठरवा. नाव ठरलं नाही तर तळीही खोदू नका. ओढा निदान पावसाळ्यात धुऊन निघतो, बेवारस तळं बारा महिने नासतं.

प्रश्न : मी तुमचं सदर सकाळी पोह्यांबरोबर वाचतो. जरा सौम्य भाषेत लिहाल का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : पोहे आधी खा.

प्रश्न : आम्ही विजापूर रोडच्या पुढं नवीन प्लॉटिंगमध्ये घर बांधलं. तिथं अजून ड्रेनेज लाइन नाही. सेफ्टी टाकी आणि शोषखड्डा केला. वर्षभरातच खड्डा भरून पाणी अंगणात यायला लागलं. गवंडी म्हणतो, खड्डा अजून खोल करू. दुकानदारानं जीवाणूंची पावडर दिली, फरक नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, टाकीत ॲसिड टाका. टाकी कधी उपसायची तेही कळत नाही.
– गृहिणी, सोलापूर

उत्तर : ताई, आधी नावाचं सांगतो. सगळा जिल्हा तिला ‘सेफ्टी टाकी’ म्हणतो. मूळ शब्द सेप्टिक, म्हणजे कुजवणारी. सेफ्टी तिच्यात काही नाही. उलट त्या टाकीत माणूस उतरला तर बाहेर येईलच याची खात्री नसते. आतला वायू थोडा असतो तोवर वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. टाकी उपसायला कुणालाही आत उतरवू नका, पैसे कितीही कमी सांगू दे. 2013 च्या कायद्यानं तो गुन्हाही आहे. सक्शन गाडीच बोलवा. झाकण उघडल्यावर कुणाला आत वाकून बघू देऊ नका, आणि काडी ओढून तर मुळीच नको.

ॲसिडनं टाकीतले जीवाणू मरतील, सिमेंट खाल्लं जाईल आणि पाणी अंगणातच राहील. पावडरीची गरज नाही. टाकीला लागतात ते जीवाणू तुमच्या घरातून रोज फुकट जातात.

दोष टाकीत नाही, मातीत आहे. आपली काळी माती भिजली की फुगते आणि तोंड मिटून घेते. खड्डा खोल केला तर त्याच मिटलेल्या मातीत जास्त पाणी साठेल, एवढंच. शोषखड्डा खणण्याआधी एक साधी परीक्षा करायची असते, ती गवंड्यानं केलेली दिसत नाही. जिथं पाणी मुरवायचं तेवढ्या खोलीवर वीतभर रुंद भोक पाडायचं, तळाला थोडी खडी टाकायची, रात्रभर पाणी भरून माती भिजू द्यायची. सकाळी वीतभर पाणी ओतून घड्याळ लावायचं. एक इंच पाणी उतरायला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागला तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खड्डा नको, उथळ लांब चर हवेत. तासाच्या वर गेला तर त्या मातीत पाणी मुरवायचा नाद सोडा.

मला वाटतं तुमचं उत्तर तासाच्या वरच येईल. मग टाकीच्या पुढं खडीची गाळणी करायची, पाणी खालून शिरून वरून निघेल अशी, आणि तिथून ते कर्दळीच्या वाफ्यात सोडायचं. वाफ्याच्या तळाला प्लास्टिक, वर दोन फूट खडी, खडीत कर्दळ. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालीच राहिलं पाहिजे, वर दिसायला लागलं की डास आले. आमच्या घरी असा वाफा सात वर्षं आहे आणि सौभाग्यवती त्यातली फुलं देवाला वाहू देत नाहीत, एवढीच काय ती त्याची बदनामी.

बोअर असेल तर टाकीतून बाहेर पडलेलं पाणी त्यापासून निदान 18 मीटर, म्हणजे साठ फूट लांब मुरलं पाहिजे. शेजाऱ्यांचं बोअरही मोजा. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर हे गणित सहसा बसत नाही, म्हणून अशा वसाहतींत बोअरचं पाणी पिऊ नये.

टाकी कधी उपसायची, याला सोलापूरकरांना सोपा उपाय आहे. लांब काठी घ्या, तिला खालून चार फूट जुना पांढरा टॉवेल गुंडाळून दोरीनं बांधा. आपला गुबगुबीत टॉवेलच हवा, गुळगुळीत कापडाला काही चिकटत नाही. उभ्यानंच, तोंड बाजूला करून, काठी टाकीच्या तळापर्यंत हळू सोडा, पाचेक मिनिटं धरा, हळूच वर काढा. टॉवेलच्या खालच्या भागाला काळे कण अडकलेले दिसतील आणि एका रेषेवर ते थांबतील. ती रेष म्हणजे गाळाची उंची. टाकीतल्या पाण्याच्या एक तृतीयांश झाली की गाडी बोलवायची. बेताच्या घराला ही वेळ दोन-तीन वर्षांनी येते. उपसताना थोडा जुना गाळ तळाशी राहू द्या, विरजण म्हणून. टॉवेल अर्थातच फेकून द्यायचा, काठी वेगळी ठेवायची.

प्रश्न : आमच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात बीओडीची चाचणी 20 अंशांवर 5 दिवस असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र 27 अंशांवर 3 दिवस करतात. खरं कोणतं?
– पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : दोन्ही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जीवाणू किती प्राणवायू संपवतात त्याचं माप. पाच दिवसांची प्रथा विलायतेतली आहे. तिथं सांडपाण्यासाठी नेमलेल्या रॉयल कमिशननं 1912 च्या अहवालात ती रुळवली, तेही 65 अंश फॅरनहाइटवर, जे पुढं 20 सेल्सिअस झालं. तिथल्या नद्या आखूड, पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं, म्हणून पाच दिवस, असं सांगतात. आपली भीमा 861 किलोमीटर वाहते, वाटेत उजनीत थांबते, मग कृष्णेला मिळते आणि मग कुठं समुद्र! आणि 20 अंशांचं पाणी सोलापुरात जानेवारीच्या पहाटे सोडून मिळायचं कुठं? म्हणून आपल्या मानकानं 27 अंश आणि 3 दिवस घेतले. गरम पाण्यात जीवाणू भराभर खातात, त्यामुळे तीन दिवसांचा आकडा तिकडच्या पाच दिवसांच्या जवळपास येतो. परीक्षेत प्रश्न कुठल्या पुस्तकातला आहे ते बघून लिही. नोकरीत 27 आणि 3. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी लिटरला 30 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा पाठ कर, पण ती पुढं कडक होत गेली आहे, तेव्हा ज्या गावचा प्लांट असेल त्याच्या परवान्यातला आकडा वाचूनच सही कर.

प्रश्न : आमच्या शेताशेजारून गावचा नाला जातो. उन्हाळ्यात विहीर आटते तेव्हा मोटर लावून नाल्याचं पाणी ऊस आणि मेथी-कोथिंबिरीला देतो. पीक जोमदार येतं. पण दोन वर्षांपासून रानात पांढरा थर दिसतो आणि पाणी जिरत नाही.
– शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : दादा, जोम येणारच, त्या पाण्यात नत्र असतं. पण साबण-डिटर्जंटचा सोडियमही असतो आणि आपल्या काळ्या रानाला तो सोसत नाही. मातीचे कण एकमेकांना सोडतात, भोकं बुजतात, रान चोपण होतं. पांढरा थर हा त्याचा निरोप आहे. माती आणि पाणी, दोन्हीचे नमुने माती परीक्षणाला द्या. पाण्याची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा. चोपण निघालं तर जिप्सम घालावं लागेल, पण किती ते रिपोर्ट बघूनच. अंदाजानं पोती ओतू नका. जिप्समनंतर एकदा चांगलं पाणी भरून मीठ खाली न्यावं लागतं आणि त्यासाठी शेताला चर पाहिजेत, नाहीतर मीठ तिथंच फिरत राहतं.

मेथी-कोथिंबिरीला मात्र ते पाणी आजपासून बंद करा. जंतांची अंडी पानाला चिकटतात आणि धुतल्यानं सगळी जात नाहीत. उसाला पाटानं द्या, तुषारानं नको, आणि तोडणीच्या आधी महिनाभर थांबवा. पाटात उभं राहून बारे देताना पायात गमबूट घाला.